एका पत्त्यावर दोघी

६ जानेवारी, सोमवार

दिवसभरात काय झालं ते संध्याकाळी ह्यांना सांगायची सवय होती. हे गेले, सवय राहिली. भिंतींशी बोलायला लागायच्या आत लिहायला घ्यावं, म्हणून ही वही.

आज चाकणच्या कंपनीत रुजू झाले. निवृत्तीनंतर पुन्हा गळ्यात टोकन आलं. त्यावर माझं नाव, विजयश्री, ठळक छापलंय. बरं वाटलं. कारखाना शाफ्टचा. माझ्या ताब्यात स्टँडर्ड रूम, म्हणजे मोजमापाची खोली : जाड दार, खिडकी नाही, बारा महिने वीस अंश. तापमान मोजणारं नवं यंत्र आलंय, ते केबलने कंपनीच्या नेटवर्कला जोडायचं. ऑडिटच्या आत जोडलं तर मला ठेवून घेणार. नाहीतर पुन्हा ताथवड्याचा फ्लॅट आणि त्या भिंती.

इथली एक पद्धत आवडली. यंत्र ज्याच्या हाती, त्याचा टोकन नंबर यंत्राच्या नेटवर्कवरच्या पत्त्याच्या, म्हणजे आयपीच्या, शेवटी घालायचा. कोणतं कुणाचं, लगेच कळतं. एचआरच्या सलोनीने मला एकेचाळीस दिला. रिकामा होता म्हणाली.

यंत्राचा प्रोब, म्हणजे तापमान घेणारी कांडी, मुठीत धरून पाहिला. माझी कॉलेजपासूनची परीक्षा. हाताची ऊब, चौतीस अंश. यंत्र उत्तम आहे.

७ जानेवारी, मंगळवार

पत्ता घातला आणि यंत्र नेटवर्कबाहेर फेकलं गेलं. पडद्यावर सूचना : हा पत्ता आधीच वापरात आहे. नेटवर्क बघणारा सिद्धेश हसला. म्हणाला, मॅडम, एका ओट्यावर दोन मालकिणी झाल्या, एकीने बाहेर जायचं ठरवा. बेचाळीस घाला आणि मोकळ्या व्हा. मी नाही म्हटलं. माझं टोकन एकेचाळीस आहे, यंत्र एकेचाळीसवरच चालेल.

दुसरं यंत्र शोधायला दोघांनी एकेक केबल तपासली. असं यंत्र कुठेच नाही. माझ्या यंत्राची केबल काढून एकेचाळीसला पिंग केलं, म्हणजे कुणी आहे का अशी हाक दिली.

उत्तर आलं.

८ जानेवारी, बुधवार

झाडलोट करणारी सोजरबाई या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाली, बाई, त्यो नंबर सोडा, त्यो इंद्रायणीबाईंचा हाय. ही खोली माझ्याआधी त्यांच्याकडे होती. मारुंजीला एकट्या राहायच्या. एका बुधवारी सगळे घरी गेल्यावर इथेच छातीत कळ आली. बाहेरून कुणीतरी दार लावून घेतलं होतं आणि ते आतून उघडत नाही. गुरुवारी कंपनी बंद. शुक्रवारी सापडल्या. घरी वाट बघणारं कुणी न्हवतं, मग इचारनार कोण, म्हणाली.

मी म्हटलं, फार वाईट झालं. पण नंबर कंपनीचा आहे, माणसाचा नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

माझं यंत्र खोक्यात बंद आहे. तरी कॉम्प्युटरवर एकेचाळीसचं तापमान येतंय. चौतीस. स्थिर. कुणी प्रोब मुठीत धरल्यासारखं.

सिद्धेश म्हणाला, जुन्या नोंदी अडकल्यात. त्याने सगळं पुसलं.

चौतीस.

११ जानेवारी, शनिवार

गेटवरच्या हजेरी यंत्रासमोर उभी राहिले. म्हणे हजेरी आधीच लागली आहे. वॉचमन समाधान चेष्टेने म्हणाला, काय मॅडम, डबल हजेरी लावून ओव्हरटाइम काढताय का? मघाशीच तर आत गेलात की, माझ्याशी बोलून. माझ्याशी कधी न हसणाऱ्या बाई आज हसल्या म्हणून लक्षात राहिलं, असंही म्हणाला.

मी आज कुणाशी हसले नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सलोनी तिळगूळ वाटत आली. माझ्या टेबलावर लाडू ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, कुठे गेल्या बाई?

मी खुर्चीतच होते.

यंत्राला बेचाळीस घातलं. हट्ट सोडला. बंद करून चालू केलं की पुन्हा एकेचाळीस. टोकन परत द्यायला सलोनीकडे गेले. जवळ जाऊन हाका मारल्या. तिने ओढणी अंगाभोवती घेतली आणि कुणाला तरी एसी कमी करायला सांगितला.

लाडू तोंडात विरघळत नाही. तसाच—

१५ जानेवारी, बुधवार

प्रोब मुठीत. वीस.

दुसरा हात. वीस. काखेत. वीस.

कॉम्प्युटरवर एकेचाळीस — चौतीस.

सिद्धेशला फोन केला. उचलला. हॅलो, हॅलो म्हणाला आणि ठेवला.

सुट्टीची वेळ. सोजरबाई आली. उंबरा ओलांडून थेट आत, न घाबरता, झाडू मारत, कुणाशी तरी गप्पा मारत. माझ्या पायांवरून झाडू गेला. मग म्हणाली, चला विजयश्रीबाई, बस जाईल.

आले आले, असं उत्तर आलं. आवाज माझा.

पावलं दोघींची. दिवा गेला. दार—

उद्या गुरुवार.

मोबाइलच्या उजेडात लिहिते. काम सोडताना ताबा लिहून द्यायचा, ही माझी शिस्त. ती मोडणार नाही.

सुपूर्द केले : तापमान यंत्र, प्रोबसह. खोलीची किल्ली. टोकन एकेचाळीस. ताथवड्याच्या फ्लॅटची किल्ली — माझ्या पर्समधून आधीच गेलेली.

घेणार : विजयश्री. सही झालेली आहे. वळण माझंच, शाई ओली.

देणार : इंद्रा—