बाजूला छोटी सही

मंगळवार, चौदा तारीख
दुपारी, ऑफिसातून

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा सुधारलाय. जिना एकटी उतरते आणि मग खालच्या मजल्यावर अर्धा तास तेच सांगत बसते. छोटीचा पुढचा दात आला का? तुझ्या बायकोने दिलेली दोन्ही रोपं जगली, तिला कळव.

फोन असताना, तू जिला फौजदारताई म्हणून चिडवतोस ती पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तू मला हसवतोस, आणि हसले की माझे प्रश्न राहून जातात. यावेळी एकही राहायला नको.

माझं काम तुला माहीत आहे. एकोणीस वर्षं वकील म्हणून मी एकच गोष्ट बघत आले: बंदी असलेल्या देशात नको तो माल जाऊ नये. आमच्या अशिलाने परदेशात माल विकला की खरेदीदाराने लिहून द्यायचं, तो माल कोण वापरणार आणि कशासाठी. ते हमीपत्र खरं की बनावट, हे मी ठरवते. या कामाने माझी पार वाट लावली आहे. दुकानदाराने न मागता सूट दिली तर मी पिशवी उलटी करून बघते. नवऱ्याने एकदा फुलं आणली, तेव्हा मी विचारलं, "कोणासाठी घेतली होतीस?" तो अजून ते चारचौघांत सांगतो.

गेल्या सोमवारी पंपांच्या कारखान्याची फाइल आली. दहा वर्षांपासूनचं अशील. चाळीस पंप, आतून असा लेप की कडक आम्लही त्यांना काही करत नाही. असे पंप साध्या कारखान्यांत लागतात, तसेच विषारी वायू बनवायलाही लागतात, म्हणून हमीपत्र. खरेदीदार एक दूध डेअरी. दुधाला असला लेप कशाला, हे मला आधी सुचायला हवं होतं. पण माझी नजर भलतीकडेच गेली. कागदावर ४८ खोडून वर ४० लिहिलं होतं आणि बाजूला छोटी सही होती.

आठवतंय? दोन वर्षांपूर्वी, आमच्या जेवणाच्या टेबलावर. संत्रं सोलता सोलता तू विचारलंस, "ताई, खोटा कागद तू ओळखतेस तरी कसा गं?"

मी फुशारकीने म्हणाले, "खोटा कागद फार स्वच्छ असतो रे. खरा माणूस कुठेतरी चुकतो, खोडतो, बाजूला सही करतो. तसं एखादं दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो."

"म्हणजे फौजदाराला फसवायचं तर मुद्दाम एकदा चुकायचं!" तू म्हणालास, आणि आपण पोट धरून हसलो. ही गोष्ट मी ऑफिसात कधीच कोणाला सांगितली नाही. नवऱ्यालाही नाही, तो त्या दिवशी बाहेर होता.

मी स्वतःची समजूत काढली की माणसं चुकतातच. तरी डेअरीच्या नंबरवर फोन लावला. ज्या बाईंनी उचलला त्या म्हणाल्या, "कुठली डेअरी? हे फर्निचरचं दुकान आहे." मग कारखान्याच्या मॅनेजरना सहज विचारावं तसं विचारलं, हे गिऱ्हाईक आणलं कोणी?

ते खुशीत म्हणाले, "अहो, तुमच्या बंधूंनीच! बोलले नाहीत तुम्हाला? आम्हाला म्हणाले होते, ताईला सांगू नका, तिला अवघड होईल."

मला अवघड होईल! त्या कागदाचा आला नाही इतका राग मला या वाक्याचा आला.

तू परदेशी गिऱ्हाइकं आणून देण्याचा धंदा सुरू केलास, याचं मला कौतुक होतं. आता वर्षभराचे तुझे फोन मी एकेक करून आठवतेय. "फार काम आहे का गं?" हे तू मायेने विचारत होतास, की फाइल माझ्या टेबलावर आली का ते बघत होतास? आईला डॉक्टरकडे न्यायला नेमका ही फाइल आली त्याच आठवड्यात का आलास? हे पत्रसुद्धा मी उद्या पोचणाऱ्या कुरिअरने, पोच घेऊन पाठवतेय, आणि त्याची प्रत ठेवली आहे. सख्ख्या भावाला लिहिलेल्या पत्राची प्रत! लाज वाटते, पण ठेवली आहे.

आता इतका वेळ जे टाळलं ते लिहिते. हा पहिला कागद नाही. काल कपाटातून जुन्या फाइली काढल्या. त्याच डेअरीचे तीन कागद आधी येऊन गेलेत. तिन्हींवर एकेक खोडलेला आकडा, बाजूला छोटी सही. आणि तिन्हींवर "हरकत नाही" असं माझ्या अक्षरात. तेव्हा मी एकदाही फोन लावला नव्हता. पंप गेले. कुठे गेले, कोणाच्या जिवावर उठतील, मला माहीत नाही. तुला माहीत आहे का, हेही मला माहीत नाही. तुलाही कोणीतरी फसवलं असेल, असं मला फार वाटून घ्यायचंय रे. पण आकडा खोडायचं त्यांना सांगितलं कोणी?

गुरुवारी सकाळी दहाला मी आमच्या मोठ्या साहेबांपुढे बसणार आहे. माझ्या तीन सह्या सांगणार. माझी सनद बहुधा जाईल. टेबलावरचं आपलं बोलणंही सांगणार, आणि तुला आधी कळवलं हेही, कारण तेही माझ्या नियमात बसत नाही. आपण होऊन कबूल करणाऱ्याला कायदा जरा सांभाळून घेतो. हे वकील म्हणून सांगते.

बहीण म्हणून एवढंच, की पावणेदहाला ऑफिसच्या दारात ये. दोघं एकदमच वर जाऊ. नाही आलास तर मी एकटी जाईन, पण जाईन. आईला अजून काही बोललेले नाही.

खालचं "तुझी" मी एकदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. बाजूला सही केलेली नाही. निदान या खोडण्यावर तरी संशय घेऊ नकोस.

तुझी,
ताई