शिगेचं वजन

शनिवार, ४ ऑक्टोबर

नानकटाया पुन्हा पसरल्या! ट्रेमध्ये चोवीस गोळे ठेवले होते, ओव्हनमधून एकच चादर बाहेर आली.

कृती आईंची, म्हणजे सासूबाईंची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या सोनईहून आमच्याकडे केडगावला आल्यात. लग्नाला पाच वर्षं झाली, पण राहायला पहिल्यांदाच. माझं आणि हर्षलचं लग्न त्यांना न विचारता झालेलं. त्यावरून कधी भांडल्या नाहीत. नुसत्या नीट वागतात.

"दोन मापटी मैदा, एक पिठीसाखर, एक तूप." इतकंच सांगितलं. पितळी मापटंही सोबत आणलंय, दुसऱ्या मापाचा भरवसा नाही. मी ते भरभरून काट्यावर ठेवलं. मैदा २७० ग्रॅम, पिठीसाखर २९०, तूप ४५०. माप एकच आणि वजनं तीन! म्हणून तर मी सगळं ग्रॅममध्ये लिहून ठेवते. शेजारच्या मोनिकाताईंची पाच किलोची ऑर्डर आहे, पुढच्या रविवारी, बारा तारखेला द्यायचीय. अंदाजपंचे चालणार नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

तूप कमी केलं तर भुगा. हर्षल म्हणतो, "चव भारी आहे." त्याला काय, तो भुगाही चमच्याने खातो.

सोमवार, ६ ऑक्टोबर

शेवटी आईंनाच ओट्याशी उभं केलं. त्यांनी मापटं मैद्यात खुपसलं, वरून हाताने आणखी घातला — कडेने सांडेपर्यंत. मी मात्र व्हिडिओत दाखवतात तशी वर सुरी फिरवून सपाट करत होते. काट्यावर ठेवलं, ३८०! म्हणजे दर मापट्यामागे एकशे दहा ग्रॅम मैदा मीच कापून टाकत होते. साखरेवरही त्यांनी तशीच शीग, म्हणजे वरची रास, भरली. तुपाला अर्थात नाही, ते ओघळतं.

"आई, शीग भरायची हे सांगायचं ना."

"त्यात काय सांगायचं? नानकटाई वाटायलाच करत्यात. द्यायच्या मालाला शीग. घरच्याला कसली शीग? वरून हात फिरवायचा, झालं."

यावेळी नानकटाया छान उभ्या राहिल्या. वर तडेसुद्धा सुरेख. वहीत जुने आकडे खोडून नवे लिहिले.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

द्यायच्याला शीग, घरच्याला सपाट. काल आनंदाच्या भरात हे डोक्यात शिरलंच नाही.

दरवर्षी आम्ही सोनईहून निघताना आई आम्हा दोघी सुनांना दोन-दोन मापटी शेंगदाणे घालतात. थोरल्या जाऊबाईंना सपाट. मला शीग भरून. गेल्या वर्षी घरी येऊन वजनही केलं होतं मी, साडेआठशे ग्रॅम भरले. केवढी मिरवले! हर्षलला म्हणाले, बघ, तुझ्या आईचा जीव माझ्यावर जास्त आहे.

पाच वर्षं पाहुणीचं माप घेऊन येत होते. फार वाईट वाटलं. आईंचा रागही आला. सगळ्यांत जास्त चिडले ती त्या काट्यावर. साडेआठशे दाखवले त्याने, पण का ते नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आईंच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यात दिवसातून चारदा थेंब घालायचे असतात. दुपारी घालता घालता बोलून गेले, "आई, मला शेंगदाण्यावर शीग नको."

त्यांनी डोळा मिटून घेतला. थेंब गालावर गेला. मी थेंब पुन्हा घातला.

रविवार, १२ ऑक्टोबर

ऑर्डर गेली. तुटलेल्या सात-आठ नानकटाया उरल्या, त्या मी आणि आईंनी चहात बुडवून संपवल्या.

रविवार, १९ ऑक्टोबर

आईंना सोनईला सोडून आलो. निघताना त्यांनी शेंगदाण्याच्या पोत्यात मापटं घातलं, वर शीग आली. थांबल्या. मग त्यावरून तळहात फिरवला. दाणे पोत्यात परत पडले. दुसऱ्या मापट्यालाही तसंच.

"धर पिशवी," म्हणाल्या.

घरी येऊन पिशवी काट्यावर ठेवली. सहाशे चाळीस. तीनदा ठेवून पाहिली. कमीच!