माझं मत : म्हातारी आपोआप गेलेली नाही

२ नोव्हेंबर, रविवार

'आंबेवाडीचं गूढ' मालिकेचा नवा भाग पाहिला. पिठाची गिरणी चालवणाऱ्या सुशीलाताई गावातले खून शोधून काढतात, ती. मूळ कादंबऱ्यांवरून घेतली आहे. गावच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो, त्यामुळे सगळ्या वाचल्यात. काहींची फक्त शेवटची पानं, पण रहस्यकथेत खरा माल तिथंच असतो.

प्रेक्षक काय वाट्टेल ती मतं देतात. 'आंबेवाडी परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर जिंतूरची कुणी निकिता लिहिते की खून होतो पण कुणी रडत नाही, अंगण स्वच्छ असतं, दोन-तीन भागांत सगळं मिटतं, म्हणून बघून बरं वाटतं. अंगण स्वच्छ! याला मत म्हणतात?

संकल्प : दर रविवारी माझं अभ्यासू मत. मोजक्या शब्दांत. सगळ्यांच्या आधी.

५ नोव्हेंबर

मागच्या गल्लीतल्या सरजाबाई गेल्या. वय झालं होतं, ताप हटत नव्हता. सून रेणुकाने सगळं केलं. मातीला जाऊन आलो. फार वेळ उभं राहावं लागलं, गुडघे धरले.

रेणुका लय मोठ्याने रडत होती. मालिकेत हे दाखवत नाहीत ते बरोबरच. संवाद ऐकू येणार नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

आजच्या भागात पाटलीणबाईंचा मृत्यू. मी पहिल्या ब्रेकच्या आधीच ओळखलं. लगेच टाकलं :

"माझं मत. म्हातारी आपोआप गेलेली नाही. शेवटचा काढा सुनेच्या हातचा होता. विचार करा."

चष्मा सापडत नव्हता, तरी शुद्धलेखनाची एक चूक नाही. निकिता अजून गप्प. बोलतीच बंद झाली.

१० नोव्हेंबर

मत मालिकेच्या ग्रुपवर न जाता आमच्या गावाच्या ग्रुपवर गेलं.

बायकोने सकाळी दाखवलं. राजेश्रीचा आवाज एरवी चढत नाही, आज चढला. म्हणाली, अहो, गावात एकच म्हातारी गेली आहे, आणि रेणुका तिला काढाच देत होती. मी म्हणालो, तापात काढा सगळेच देतात. ती म्हणाली, तेच तर म्हणते मी.

डिलीट करायला गेलो तर ते फक्त माझ्या फोनवरून गेलं, बाकीच्यांकडे तसंच. खुलासा टाकावा तर ग्रंथपाल माणूस मालिका बघत बसतो असं गावभर होणार. तसंही शहाण्या माणसाला कळेलच की हे मालिकेबद्दल आहे. उद्या सवडीने बघू.

११ नोव्हेंबर

ताडकळसला गेलो होतो. हॉटेलात आमच्या गावचे दिनकरराव बसलेले. उठून बाकड्यावर जागा दिली, चहा सांगितला, कानाशी येऊन म्हणाले, "सर, तुमी लिवलं ते लय बराबर हाय. आमाला बी शंका होतीच." मी नुसता हसलो. नुसतं हसणं म्हणजे होकार नव्हे, हे इथे लिहून ठेवतो.

इतकी वर्षं वाचनालयात चांगलं पुस्तक सुचवलं तर हेच दिनकरराव राशिभविष्याचं पान मागायचे.

खुलासा राहिला. चहा चांगला होता.

१४ नोव्हेंबर

सरजाबाईंचा दहावा. नदीवर गेलो. पिंडाला कावळा शिवेना. सरजाबाईंचे दीर आश्रुबा हात जोडून एकेक कबूल करत होते. नातीला शिकवू. म्हैस विकणार न्हाई. योगीराजला, म्हणजे सरजाबाईंच्या मुलाला, रेणुकाच्या नवऱ्याला, अंतर देणार न्हाई. कावळे बाभळीवर बसून बघतायत. ऊन चढलं. लोक कंटाळले.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "सरांनी काय लिवलंय ते बी बघा की." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाभळीकडे पाहिलं.

आश्रुबा म्हणाले, "वैनी, रेणुकाला घरात ठेवत न्हाई. माहेरी धाडतो."

कावळा उतरला.

राजेश्री म्हणते, तिथंच तोंड उघडायचं होतं. पण धार्मिक कार्यात मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

मालिकेत कावळा ताबडतोब येतो. हे साफ चूक. चॅनेलला कळवणे.

१५ नोव्हेंबर

रेणुकाला चुडाव्याला नेऊन घातलं. तिची लेक अर्पिता, अजून अंगणवाडीतली, तिला इथेच ठेवून घेतलं. योगीराज म्हणाला, घरची लेक घरीच राहील. पोरगी ऑटोच्या मागे चौकापर्यंत पळाली. चप्पल निघाली तरी पळत होती. मी खिडकीत होतो.

वाईट वाटलं. खरोखर वाटलं. दुपारची झोप लागली नाही.

संकल्प : उद्या आश्रुबांना भेटून सगळं सांगणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मालिका असते.

१८ नोव्हेंबर

शिंका. अशा अवस्थेत सुतकातून उठलेल्या घरी जाणं योग्य नाही.

२० नोव्हेंबर

त्यांच्याकडे कापसाची वेचणी चालू आहे. माणसाला कामात गाठू नये, हे माझं तत्त्व आहे. राजेश्रीने जेवण वाढलं, पण समोर बसली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेवटचा भाग. सून निर्दोष! खुनी निघाला दवाखान्यातला कंपाउंडर. कादंबरीत सूनच आहे, मला स्पष्ट आठवतं. प्रेक्षकांची शुद्ध फसवणूक आहे ही.

ग्रुपवर मात्र आनंदीआनंद. निकिता लिहिते, सून परत घरी आली तेव्हा इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मत टाइप करत होतो, तेवढ्यात राजेश्रीने टीव्ही बंद केला, फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, जा. एवढंच. उद्या जातो म्हणालो.

२४ नोव्हेंबर

गेलो. अखेर गेलो, हे कुणीतरी लक्षात घ्यावं.

आश्रुबांना ओसरीवर बसून सगळं सांगितलं. मालिका, पाटलीणबाई, चष्मा, दोन ग्रुप. कंपाउंडरचंही सांगितलं. योगीराज भिंतीला टेकून ऐकत होता. आश्रुबांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. "सर, तुमी भल्या मनाचे. पोरीची कीव आली म्हणून मालिकेचं नाव सांगायलाव."

मी शपथ घेतली. आईची घेतली.

तेव्हा म्हणाले, "बरं, तुमचं खरं धरू. मग कावळा कामून शिवला?"

योगीराजने एकदा वर पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मग तो उठून गोठ्याकडे गेला.

आश्रुबा म्हणाले, मेल्या माणसाला दिलेला शब्द हाय, सर, आता मागं घेता येत न्हाई. दारापर्यंत पोचवायला आले. माझ्या मताला जन्मात कुणी एवढी किंमत दिली नव्हती. परत मागायला गेलो तर देत नाहीत.

घरी येऊन गावाच्या ग्रुपवर सविस्तर खुलासा टाकला. परिच्छेद पाडून. भराभर अंगठे आले. दिनकररावांनी लिहिलं, सरांचं मन मोठं आहे. रेणुकाला नवऱ्याने त्या ग्रुपमधून आधीच काढून टाकलंय, हे राजेश्रीने सांगितल्यावर कळलं.

२८ नोव्हेंबर

संकल्प : रविवारी स्वतः चुडाव्याला जाऊन रेणुकाच्या वडिलांना समजावून सांगणे. काय बोलायचं त्याचे मुद्दे काढले. मुद्दे उत्तम झालेत.

३० नोव्हेंबर, रविवार

राजेश्री एकटीच गेली. मी निघणारच होतो, पण इस्त्रीचा शर्ट सापडेना, आणि ती थांबायला तयार नाही.

संध्याकाळी आली. पाय धुतले, देवापुढे दिवा लावला, स्वयंपाकाला लागली. मी दोनदा विचारल्यावर बोलली. रेणुकाच्या वडिलांनी बसा म्हटलं नाही. रेणुका बाहेर आली. रडली वगैरे नाही. अर्पिताची वेणी कोण घालतं, एवढं विचारलं.

राजेश्री निघताना रेणुका फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "काकू, सरांना एवढंच इचारा. आखाडात तुमी लेकीकडं गेलतात, सर तापानं पडून होते, तवा रोज काढा करून कोण नेऊन देत होतं?"

मला आठवत नाही. ताप बराच होता.