नाथाजीच्या डब्याचा तपास

सोमवार, २ डिसेंबर १९४६. सांगली.
आजपासून रोजनिशी. मुंबईच्या एका गिरणीला बास्केटबॉलसाठी पगारी खेळाडू हवे आहेत. त्यांचे साहेब १२ जानेवारीला आमचा साताऱ्याचा सामना बघायला येणार. माझ्या संघातल्या धन्यकुमारवर त्यांची नजर आहे, असे आमच्या क्रीडा मंडळाचे सेक्रेटरी विष्णुपंत म्हणाले. गिरणीला कोचही लागेल, असेही म्हणाले आणि माझ्याकडे पाहिले. (नंतर चष्मा पुसला. पण आधी पाहिलेच.)
संकल्प : संध्याकाळचे खाणे बंद, मुंबईचा कोच सडपातळ हवा. ट्रंकेच्या कुलपाला तेल. नियमांचे पुस्तक पान नऊच्या पुढे वाचणे.

गुरुवार, ५ डिसेंबर.
मंडळाने मला सहायक दिला. नाथाजी. रहिमतपूरकडचा, फौजेतून सुटून आलेला हवालदार. छावणीत अमेरिकन सोल्जरांबरोबर हा खेळ खेळला म्हणे. मी सहायक मागितला नव्हता. न मागता मिळते त्यात काहीतरी काळेबेरे असते.
कामे नेमून दिली : चेंडूत हवा भरणे, मैदानावर पाणी मारणे. लगेच 'व्हय मास्तर' म्हणाला. इतक्या पटकन 'व्हय' म्हणणारा माणूस सरळ नसतो.

सोमवार, ९ डिसेंबर.
हवा भरून झाल्यावर नाथाजी पोरांशी बोलतो. आज धन्यकुमारला डाव्या हाताने ड्रिबल करायला लावत होता. चांगला उजवा असताना डावा कशाला? विचारले नाही. विचारले तर मला ठाऊक नाही असे दिसेल.
धन्यकुमार सहाच्या पुढे ढेपाळतो. हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, गादीवर वाढलेला. दम येणार कुठून? उपाय म्हणून सराव वाढवला : पाच ते सात, अंधार पडल्यावर गॅसबत्त्या लावून. माझेही डोके दुखू लागले. जबाबदारीमुळे.

शुक्रवार, १३ डिसेंबर.
नाथाजी म्हणाला, 'आवं मास्तर, सराव जरा उशिरा धरा की. पोरगं उपा—' इथेच थांबवले. कारणे सहायकाने सांगायची नसतात.

मंगळवार, १७ डिसेंबर.
धन्यकुमार आता रोज वीस मिनिटे उशिरा येतो, नाथाजीबरोबर. आणि आल्यावर सात वाजेपर्यंत पळतो, उड्या मारतो, डाव्या हाताने बास्केट करतो. संशय येतो तो इथेच. दोन आठवड्यांत माणूस सुधारत नाही. मी स्वतःवरून सांगतो.

शनिवार, २१ डिसेंबर.
पाळत ठेवली. बाकीच्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावून कृष्णेच्या घाटावर गेलो. नाथाजीने धन्यकुमारला पायरीवर बसवले होते. पुढ्यात पितळी डबा. तो खात होता आणि नाथाजी एकदा डब्याकडे, एकदा सूर्याकडे बघत होता. सूर्याकडे कशाला? यात मंत्रतंत्र आहे, नाहीतर फौजेतले औषध.
डब्याचा वास मात्र चांगला होता. घरी येऊन सुहासिनीवर उगाच ओरडलो. ती म्हणाली, दोन घास खाल्लेत तर ओरडणे थांबेल. बायकांना प्रत्येक गोष्टीत जेवण दिसते. संकल्प मोडला नाही. (एक लाडू. तो खाण्यात धरत नाहीत.)

बुधवार, १ जानेवारी १९४७.
नाथाजीने विचारले, 'मास्तर, तुमी दुपारधरनं काय खाता?' माझ्या आहाराची चौकशी! 'काही नाही,' ठणकावून सांगितले. त्याने मान हलवली, नोंद घेतल्यासारखी. यापुढे त्याच्या हातचे पाणीही नको.

रविवार, १२ जानेवारी. सातारा. दुपारी ३.
डबा जप्त! नाथाजी खांब तपासायला गेला असताना उचलला. माझ्या ट्रंकेत, कुलपात. किल्ली खिशात. सामना झाला की साहेबांसमोर उघडायचा आणि सगळे बिंग फोडायचे. सुहासिनीला मुंबईची तयारी करायला सांगून आलो आहे.

सोमवार, १३ जानेवारी. सांगली.
काल भाषणांमुळे सामना उशिरा सुरू झाला. (माझे फक्त पंचवीस मिनिटांचे.) पहिल्या हाफात आमच्या अठरा पॉइंटांपैकी चौदा धन्यकुमारचे. साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले होते.
मध्यंतरात नाथाजी डबा शोधत फिरू लागला. सतरंजीखाली, पोरांच्या पिशव्यांत. मलाही विचारले. मी आभाळाकडे बघितले. सूर्य यवतेश्वराच्या डोंगराला टेकला होता. नाथाजी केळी आणायला पळाला. परत आला तोवर सूर्य गेला होता. धन्यकुमारने हात जोडले. 'बुडाला, नाथाजीदादा,' एवढेच म्हणाला.
जैन माणूस सूर्य बुडाल्यावर खात नाही. हे मला माहीत नव्हते असे नाही. वीस वर्षे सांगलीत राहतो, शेजार जैनांचाच. फक्त या पोराच्या बाबतीत ते कधी डोक्यात आले नाही. सूर्य टेकला होता तेव्हा किल्ली काढायला हवी होती. हात खिशात होता. काढला नाही.
दुसऱ्या हाफात त्याचे पाय चालेनात. दोन पॉइंटांनी हरलो. साहेबांनी मला विचारले, पोराला झाले काय? 'दमच नाही,' तोंडातून गेले. त्यांनी वहीत लिहून घेतले. धन्यकुमार शेजारीच उभा होता. त्याने मान खाली घातली.
मला फार वाईट वाटले. इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचत नाही.
नाथाजी सगळ्यांना सांगत होता, 'डबा माझ्याच हातनं हरवला.' मग साहेबांच्या मागे स्टँडपर्यंत पळत गेला. माझ्याविरुद्ध कान भरायला, दुसरे काय?
डोके दुखते. आज सरावाला जात नाही.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.
विष्णुपंत तिळगूळ घेऊन आले. काल संध्याकाळी साहेब आमच्या मैदानावर येऊन गेले म्हणे. स्टँडवर नाथाजीने त्यांना सांगितले होते, 'चूक माझी हाय, पोराची न्हाई. पोटात अन्न असताना एकडाव बघा, मग काय लिवायचं ते लिवा.' साहेबांनी बघितले आणि वहीतली ओळ खोडली. धन्यकुमारला गिरणीने घेतले. नाथाजीलाही, कोच म्हणून.
माझ्याविषयी काही? विष्णुपंतांनी चष्मा पुसला.
ते गेल्यावर ट्रंक उघडली. डबा तसाच होता. वर धन्यकुमारच्या दशम्या. खाली वेगळ्या फडक्यात आणखी चार, शेंगदाण्याची चटणी, आणि एक चिठ्ठी. अक्षर त्याच्या आईचे, पद्मावतीबाईंचे : 'या मास्तरांसाठी. नाथाजी म्हणाले, ते संध्याकाळी उपाशी असतात, म्हणून चिडतात.'
उभ्यानेच दोन खाल्ल्या. अजून मऊ आहेत. चटणीत लसूण नाही, तरी चांगली.
डबा परत करायला हवा. सापडला म्हणेन. कुठे, ते अजून ठरलेले नाही.
मी उपाशी असलो की चिडतो, हे नाथाजीला कळले कसे? सुहासिनीने सांगितले असणार. चौकशी करणे. उरलेल्या दोन खाऊन झाल्यावर.