सेन्सरची जागा

३ एप्रिल, गुरुवार

गाडीचं पाणी रोज कमी होतंय आणि घरात मी सोडून कुणाला त्याचं काही वाटत नाही. म्हणून लिहून ठेवते आहे. आज सकाळी रेडिएटरमध्ये अर्धा लिटर घालावं लागलं. काल तेवढंच. गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला होता — कोरडा! एक थेंब नाही. मग पाणी जातं कुठे?

गाडी यांची. हे जाऊन सहा वर्षं झाली. आता पुतण्या कल्पेश चालवतो, रोज घाट चढून लोणावळ्याला कामावर जातो. त्याला बजावलं. तो हसला. "काकी, तिला ताप आलाय. काखेत थर्मामीटर लावा."

लावणारच आहे.

५ एप्रिल, शनिवार

कंपनीने या गाडीला तापमानाचा काटा दिलेलाच नाही. फक्त लाल दिवा. दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. कल्पेशकडून आकडे दाखवणारा मीटर मागवला. सोबत सेन्सर — करंगळीच्या पेराएवढा, पितळी.

कळंबोलीत लोखंड बाजाराच्या मागे यासीनचं गॅरेज आहे. तिथे घेऊन गेले. यासीन माझा विद्यार्थी, नववी ब. चाळिशी ओलांडली तरी मला पाहून हात पुसत उभा राहतो.

बॉनेट उघडून, इंजिन चालू करून बराच वेळ बघत राहिला. मागे जाऊन धूर हुंगला. मग म्हणाला, "बाई, पाणी इंजिनच पितंय. इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट, पाणी अडवणारं पॅकिंग, गेलंय बहुतेक. हेड खोलावं लागेल."

"बहुतेक? मोजल्याशिवाय निष्कर्ष नाही, यासीन. आधी मीटर लाव."

सेन्सर कुठे बसवायचा यावर बोलणं झालं. तो म्हणाला, हेडमध्ये. तिथे एक बंद बोल्ट आहे, तो काढून त्या भोकात. अर्ध्या दिवसाचं काम. मी नाही म्हटलं. यांनी गाडी घेतल्यापासून हेडला कुणी पाना लावलेला नाही. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी पाईप आहे, तो कापून मध्ये जोड घाल, जोडात सेन्सर बसव. सगळ्यात गरम पाणी तिथूनच बाहेर पडतं. साधं भौतिकशास्त्र आहे!

"पाईपमध्ये पाणी आहे तोवर तो खरं बोलेल, बाई. पाणी उतरलं की नुसती हवा मोजेल."

"रोज सकाळी पाणी मी स्वतः भरते. उतरेल कसं?"

एकदाच बोलला. दुसऱ्यांदा बोलला नाही. "बाई म्हणतात तर तसं," म्हणत पाईप कापायला घेतला.

७ एप्रिल, सोमवार

मीटर उत्तम. सपाटीवर ८२, घाटात ८८. कल्पेशला नियम घालून दिला — दिव्याकडे बघायचं नाही, आकड्याकडे बघायचं. त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. "हो काकी, आकडा म्हणजे देव!"

८ एप्रिल, मंगळवार

पाणी पाऊण लिटर.

१० एप्रिल, गुरुवार

पाऊण लिटर. पुठ्ठा कोरडा. सकाळी गाडी चालू केली तेव्हा मागून पांढरा धूर आला, गोडसर वासाचा. घरात येऊन हात धुतले तरी वास जाईना.

१२ एप्रिल, शनिवार

कल्पेश खुशीत घरी आला. "काकी, गाडी बरी झाली! वरच्या चढावर ९१ होता, तो झपकन ७०वर आला. पुढं सगळा घाट ७०च!"

मीही क्षणभर खूश झाले. मग भाजी चिरता चिरता हात थांबला. इंजिन सगळ्यात जास्त राबतं ते चढावर. चढावर थंड कसं होईल?

यासीनला फोन लावायला हवा. लावला नाही. तो काही म्हणणार नाही, पण गप्प बसेल, आणि त्याचं गप्प बसणं मला नको आहे.

सोमवारी बघू.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टीमुळे गाडी दारातच. रेडिएटरमध्ये आज दीड लिटर गेलं. दीड! फोन उद्या लावते.

१५ एप्रिल, मंगळवार

कल्पेश साडेपाचलाच निघाला. मला उठवलं नाही. पाणी बघितलं गेलं नाही.

आठला फोन आला. त्याचा नव्हता.

१६ एप्रिल, बुधवार

झालं ते असं. घाटातल्या बोगद्याच्या अलीकडे गाडी ओढेना. लाल दिवा लागला. मीटरवर ४८. त्याने कडेला घेतली. दिव्याकडे बघायचं नाही, आकड्याकडे बघायचं! ४८ म्हणजे कोमट. फडकं हातात घेऊन त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. तळाशी उरलेलं पाणी उकळत होतं. ते वाफेसकट तोंडावर आलं.

दोन्ही हात, गळा, चेहरा. डोळ्यांवर पट्ट्या. डॉक्टर म्हणतात, उजव्याची आशा आहे. डाव्याबद्दल बोलत नाहीत.

मला आवाजावरून ओळखलं. "काकी, मीटर थंड दाखवत होता. मी बघूनच उघडलं, खरंच." मला पटवत होता! मी विश्वास ठेवावा म्हणून.

मी "हो" म्हटलं. एवढंच.

१७ एप्रिल, गुरुवार

दीर बुधाजी, कल्पेशचे वडील, यासीनवर तक्रार देऊन आले. हॉस्पिटलच्या जिन्यात उभे राहून मोठ्याने बोलत होते. "सेन्सर चुकीच्या जागी लावला त्यानं! दुसऱ्या मेकॅनिकनं बघितलंन, तो पन तेच बोलतो. पोराचं डोलं गेलं तं त्याचा गॅरेज जाग्यावर ठेवनार नाय, वैनी. तुमी साक्षीला हाय ना? तुमच्यासमोरच लावला ना?"

"माझ्यासमोरच लावला," मी म्हटलं.

वाक्य खरं आहे. इतकं खरं वाक्य मी आयुष्यात वाईट कामाला वापरलं नव्हतं.

नंतर घरी बसून मनाशी मांडत गेले. मूळ दोष गॅस्केटचा. झाकण कल्पेशने उघडलं. जोड यासीनने घातला. सगळं बरोबर येतं. उत्तरपत्रिकेत असं कुणी लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारून विचारलं असतं, कर्ता कुठे आहे?

१८ एप्रिल, शुक्रवार

दुपारी दारात एक बाई उभी. यासीनची बायको, झेबा. आत ये म्हटलं तर आली, पण बसली नाही. पाणी पुढे केलं, घेतलं नाही.

"दोन दिवस पोलीस ठाण्यात बोलावतायत त्यांना. गॅरेजला कुलूप आहे. लोक येऊन शटरवर लाथा मारून जातात. बाई, मी विचारलं त्यांना, तिथं लावायला सांगितलं कुणी? म्हटलं, तुम्ही स्वतः अशी चूक करणार नाही. तर म्हणतात, ते विचारू नकोस. मी बसवलं, जबाबदारी माझी."

तिने न घेतलेला पाण्याचा पेला मी टेबलावर ठेवला.

"फक्त एवढंच म्हणाले, एकदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. बाईंपुढे पुन्हा तोंड उघडलं नाही."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. दाराशी चप्पल घालताना म्हणाली, "ते तुमचं नाव घेणार नाहीत. मी घेऊ शकते. पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही बाई आहात सगळ्यांच्या."

ती गेल्यावर बुधाजींचा फोन. उद्या अकराला ठाण्यात साक्ष द्यायची आहे. "वैनी, जास्ती बोलू नका. समोर लावला, एवढंच बोला."

कल्पेशच्या डाव्या डोळ्याचं डॉक्टरांनी आज सांगितलं. गेला.

१९ एप्रिल, शनिवार

अकराऐवजी दहालाच गेले. ठाण्यात दिलं ते असं —

माझं निवेदन, माझ्या हस्ताक्षरात, दोन पानं, दोन्हींवर सही. पहिलं वाक्य : सेन्सरची जागा मी ठरवली, मेकॅनिकने विरोध केला होता. गाडीचं नोंदणीचं पुस्तक. दोन्ही किल्ल्या.

साहेबांनी विचारलं, "घरच्यांना माहीत आहे?" तोवर बुधाजी दारात आले होते.

निवेदनाची पोच घेतली.