डोळे मिटून कॉमेंट्री

३ जानेवारी १९९९, आष्टी
नव्या वर्षाचा संकल्प तीन दिवस उशिरा लिहितोय, कारण एक तारखेला घसा बसला होता. संकल्प: या वर्षी कॉमेंटेटर व्हायचं. बी.ए. झाल्यापासून अप्पांच्या किराणा दुकानात शेंगदाणे जोखतोय. देवाने हा आवाज त्यासाठी दिलेला नाही. अप्पांना आज तसं स्पष्ट सांगणार होतो. पण ते पूजेला बसले होते. मग जेवायला बसले. मग राहिलंच.

५ जानेवारी
संधी चालत आली. शेजारच्या गाळ्यातला त्रिंबक २६ तारखेला मारामारीच्या मशीनची स्पर्धा ठेवतोय. घरोघरी केबल आली आणि त्याचं कॅसेटचं दुकान बसलं, म्हणून त्याने पुण्याहून दोन जुनी व्हिडिओ गेमची मशीन आणली. एकावर मोटारी, एकावर मारामारी. मोटारींकडे कुणी फिरकत नाही. मारामारीवर दोघं समोरासमोर उभे, वर दोघांच्या जिवाच्या पट्ट्या. मार बसला की पट्टी कमी होते, संपली की गडी आडवा. राऊंड मिनिटाभराचा. तीन राऊंडमधले दोन जिंकले की झालं. गड्यांना इंग्रजी नावं आहेत, पण गावात त्यांना बनियनवाला, जटावाला आणि वेणीवाली म्हणतात.

मी म्हटलं, स्पर्धा तिथे कॉमेंट्री पाहिजे. त्रिंबकने सुपारी चघळत विचार केला आणि हो म्हणाला. गेम पार्लरमध्ये माणसं मावणार किती? बाकी पब्लिक बाहेर, लिंबाला दोन कर्णे बांधायचे. बाहेरच्यांना स्क्रीन दिसणार नाही, तू बोलशील तेच त्यांच्यासाठी खरं, असं म्हणाला.

हे ऐकून फार अभिमान वाटला. लगेच घशात खवखवलं. धूळ फार आहे या रस्त्याला.

८ जानेवारी
रुद्राणीने स्पर्धेत नाव दिलं. माझी धाकटी बहीण, बारावीला आहे. त्रिंबक दुपारी जेवायला जाताना तिला पार्लरकडे लक्ष ठेवायला सांगतो. लक्ष ठेवता ठेवता ती वेणीवाली घेऊन गावातल्या सगळ्या पोरांना आडवं करायला शिकली. हे घरात फक्त मला माहीत होतं.

पहिलं बक्षीस म्हणजे स्टँडसमोर नवा कॉम्प्युटर क्लास उघडतोय, तिथला वर्षाचा कोर्स फुकट. रुद्राणी दिवाळीपासून या क्लाससाठी अप्पांच्या मागे आहे. अप्पा म्हणायचे, पोरीला त्या डबड्याचं काय करायचंय? आज बक्षिसाचं ऐकून म्हणाले, जिंकलीस तर जा, पण मी एक पैसा देणार नाही. ती एवढी खूश झाली की मला आपणहून चहा करून दिला.

म्हटलं, काळजी करू नकोस, दादा आहे माईकवर. ती म्हणाली, तीच तर काळजी हाय.

११ जानेवारी
आज अंगदरावांनीही नाव दिलं. आबासाहेबांचे चिरंजीव. आबासाहेबांना विचारल्याशिवाय इकडे पानही हलत नाही. गेल्या वर्षी अंगदरावांचा कबड्डी संघ हरल्याचं एका मास्तरांनी माईकवर सांगितलं होतं. संध्याकाळी अंगदरावांच्या पोरांनी मास्तरांना पांढऱ्या जीपमध्ये बसवलं आणि कडा गावाच्या पुढे नेऊन सोडलं. हात लावला नाही. फक्त चपला ठेवून घेतल्या. मास्तर चालत परत आले. आता ते शाळेत हजेरीसुद्धा हळू आवाजात घेतात.

मला अर्थातच भीती वगैरे नाही. फक्त दिवसभर जीपचा आवाज आला की मी पोती मोजायला गोदामात जात होतो. पोती तीनच आहेत.

१४ जानेवारी, संक्रांत
सरावाला सुरुवात. हातात माईकऐवजी बॅटरी, म्हणजे उजेडाची. दुकानासमोर दोन कुत्री भांडत होती, त्यांच्यावर लाइव्ह कॉमेंट्री केली. फारच रंगली. मग एक कुत्रं भांडण थांबवून माझ्याकडे बघायला लागलं. उरलेली कॉमेंट्री शटर ओढून आतून केली.

आईने तिळगूळ दिला आणि गोड बोल म्हणाली. मी विचारलं, अंगदराव हरले तर ते गोड कसं सांगायचं? आई म्हणाली, तू कशापायी सांगतोस, ज्याला हरायचं तो आपला आपण हरंल की.

१७ जानेवारी
माईकची ट्रायल. स्पीकर आश्रुबाचा. तो रिक्षाला कर्णे लावून जाहिराती फिरवतो, त्यामुळे त्याचं सगळं बॅटरीवर चालतं, गाडीच्या.

सुरुवात जोरदार केली. कार्यक्रमाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सगळे सन्माननीय, मानाप्रमाणे एकेक नाव घेतलं. पुढचं नाव मागे गेलं तर जीप, मागचं राहिलं तर त्याची जीप. नावं संपवून स्क्रीनकडे बघितलं तर जटावाला आडवा होता आणि खेळणारी पोरं चहाला निघून गेली होती.

दुसऱ्यांदा नावं गाळली. पण समोर माणसं बघितली आणि आवाजाच्या जागी शिट्टी निघाली. माईक खराब आहे. आश्रुबा म्हणाला, माईक बराबर हाय. त्याला तांत्रिक ज्ञान नाही.

घरी येताना रुद्राणीने सांगितलं ते लिहून ठेवतो, उपयोग होईल असं नाही. ती म्हणाली, "दादा, लई शब्द नको. कोन कोपऱ्यात सापडलाय, कोनाची पट्टी किती उरली, एवढंच. जे दिसतंय तेच बोल."

२० जानेवारी
मोठा शोध लागला. गोदामात डोळे मिटून बोलून बघितलं. शिट्टी नाही, घाम नाही, आवाज थेट बेंबीच्या देठापासून. म्हणजे दोष माझ्यात नव्हता, डोळ्यांत होता.

रुद्राणीला सांगितलं. तिने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, डोळे मिटून तुला दिसणार काय? मी म्हटलं, मशीनचा आवाज येतो ना. ठोसा वेगळा वाजतो, लाथ वेगळी. शिवाय खरा कॉमेंटेटर आतून बघतो. ती अभ्यासाला निघून गेली.

२३ जानेवारी
अंगदराव दुकानात आले. बडीशेप मागितली. मी गूळ दिला. ते हसले. फार नम्र माणूस. "चांगलं बोला बरं का संगमेश्वरराव," म्हणाले, "आबासाहेब भाईर खुर्ची टाकून ऐकणार हायेत." जाताना पायरीवरच्या माझ्या चपलांकडे बघितलं.

नव्या आहेत. आत उचलून ठेवल्या.

२५ जानेवारी, संध्याकाळी
जेवण गेलं नाही. आईने मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसकासुद्धा लागला नाही. आई म्हणाली, लई जबर नजर लागलीय. मला वाटतं घसा आतून सुजला असावा.

त्रिंबक सांगून गेला की माईकपाशी मशीन कुईं करतं, म्हणून उद्या मशीनचा आवाज बंद ठेवणार. किरकोळ बाब आहे.

२६ जानेवारी, सकाळी
घसा पूर्ण बसला. एक शब्द निघेना. त्रिंबकला कागदावर तसं लिहून द्यायला निघालो होतो. मागून रुद्राणीने विचारलं, दादा, शेंगदाण्याचं पोतं कुठं ठेवलंय? मी खणखणीत आवाजात सांगितलं, गुळाच्या मागे.

ती म्हणाली, चल आता.

२६ जानेवारी, संध्याकाळी
हे नीट लिहायला हवं.

पब्लिक रस्त्याच्या पलीकडेपर्यंत. आबासाहेब खुर्चीत, अप्पा आमच्या दुकानाच्या पायरीवर. स्क्रीन नीट दिसावा म्हणून पार्लरला काळे पडदे लावलेले. सुरुवातीच्या मॅच कशाबशा निभावल्या. रुद्राणी जिंकत गेली, अंगदरावही जिंकत गेले, आणि फायनलला तेच दोघं उरले. वेणीवाली विरुद्ध बनियनवाला.

पहिला राऊंड अंगदरावांचा. दुसरा रुद्राणीचा. तिसऱ्यात मी एकदा डोळे उघडून बघितलं. अंगदरावांची पट्टी बोटाएवढी उरली होती. रुद्राणीची अर्धी होती. हे मी स्वतः बघितलं. आणि अंगदरावांची पोरं स्क्रीनकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

डोळे मिटले.

मग तोंड आपोआप चालायला लागलं. बनियनवाला सावरला, बनियनवाल्याने लाथ घातली, बनियनवाल्याची पट्टी वाढायला लागली. मशीनमध्ये पट्टी वाढत नसते, हे नंतर आठवलं. सगळीकडे शांतता पसरली. मला वाटलं, लोक रंगून गेलेत. तेवढ्यात कुणीतरी माझी बाही ओढली. अंगदरावांचाच माणूस, दुसरं कोण असणार. आता जीप. छातीत एवढं धडधडत होतं की तेही माईकवर जात असेल. डोळे आणखी घट्ट मिटले आणि जीव खाऊन ओरडलो की वेणीवाली आडवी, अंगदराव विजयी.

बाहेर हलगी कडाडली, फटाके वाजले. मी डोळे उघडले तर सगळा अंधार. बाही रुद्राणीने धरली होती.

"दादा," ती म्हणाली, "लाईट जाऊन लई वेळ झाला."

मशीन केव्हाच बंद पडलं होतं. माझा माईक आश्रुबाच्या बॅटरीवर चालू होता. कुणी मला थांबवलं नाही, कारण अंगदरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प बसवलं होतं. पुढे लाईट आली तेव्हा मशीन कोरंच सुरू झालं, मॅचचा मागमूस नाही. रुद्राणी म्हणाली, तिसरा राऊंड परत खेळू. त्रिंबक खाली बघत म्हणाला, माईकवर जाहीर झालं, गुलाल उधळला, आता आबासाहेबांना कोण सांगणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घसा धरून दाखवला.

फुकट कोर्सचं पत्र अंगदरावांना मिळालं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

अप्पा रुद्राणीला म्हणाले, हरलीस तर हरलीस, ऐकायला झ्याक वाटलं. त्यांना मी बोललो तेवढंच माहीत. ती त्यांना सांगेल असं वाटलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

चपला पायात आहेत.

२७ जानेवारी
शांतपणे विचार केला. कॉमेंट्री म्हणून बघितलं तर काल मी उच्च दर्जाचं काम केलं. खेळच चालू नव्हता आणि बाहेरच्या एकाही माणसाला कळलं नाही. दोष असेल तर लाईटचा. रुद्राणीलाही हे पटेल. अजून बोलत नाही. तिची बारावीची परीक्षा जवळ आलीय, म्हणून असेल.

३१ जानेवारी
यश! आबासाहेब म्हणाले म्हणे, पोराचा आवाज चांगला आहे. आश्रुबाने लगेच मला रिक्षात माईकवर घेतलं. पहिलीच जाहिरात त्या कॉम्प्युटर क्लासची. आता मी व्यावसायिक झालो. शेंगदाणे रुद्राणी जोखते.

४ फेब्रुवारी
सकाळपासून ओरडतोय, थोड्याच जागा शिल्लक, त्वरा करा. क्लाससमोर रिक्षा थांबली तेव्हा खिडकीतून आत बघितलं. एक खुर्ची रिकामी होती. क्लासच्या सरांना विचारलं. म्हणाले, ती अंगदरावांची, ते अजून आलेच नाहीत, येतील असं वाटतही नाही, पण त्यांची जागा दुसऱ्याला कशी द्यायची?

दुपारी जेवलो नाही. रिक्षा आमच्या दुकानावरून गेली तेव्हा मी थोड्याच जागा शिल्लक हे वाक्य गाळलं. रुद्राणी एका बाईला शेंगदाणे देत होती. तिने मान वर केली नाही.

७ फेब्रुवारी
संकल्प. माईकवर सांगणार, भर बाजारात. माईकवर जाहीर झालेलं माईकवरच फिरवता येतं. सांगितलं की सरांना जागा द्यावीच लागेल. आणि डोळे उघडे ठेवून सांगणार. त्रिंबकला हे बोलून दाखवलं तर त्याने माझ्या चपलांचा नंबर विचारला.

रात्री झोप नाही. भीती वाटते. कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो, घशाला काहीही झालेलं नाही.

९ फेब्रुवारी
आज बाजार होता. रिक्षा आमच्या दुकानासमोर उभी करायला सांगितली. पलीकडे रसवंतीपाशी पांढरी जीप. अंगदराव बॉनेटला टेकून रस पीत होते. अप्पा पुडीसाठी कागद फाडत होते. रुद्राणी तराजूपाशी. सगळं बघितलं, डोळे मिटले नाहीत. माईक तोंडाशी धरला.

म्हणालो, "सव्वीस तारखेला लाईट गेली होती. जिंकत होती माझी बहीण, रुद्राणी. मी खोटं सांगितलं. मला भीती वाटली."

शिट्टी नाही, काही नाही. चारही वाक्यं स्वच्छ, दिसलं तेच, एक शब्द जास्त नाही. आयुष्यातली सर्वांत चांगली कॉमेंट्री.

जीप हलली नाही. अंगदराव रस पीत राहिले. अप्पांनी दुसरा कागद फाडला. रुद्राणीने मापात शेंगदाणे भरले आणि हाताने सपाट केले.

आश्रुबा पुढून वळून म्हणाला, "संगमेश्वरराव, बॅटरी कवाच बसली हाय. मगाधरनं त्येच सांगतोय तुमाला."

वाईट वाटायला हवं होतं. हायसं वाटलं. एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

सगळं आश्रुबाने ऐकलं होतं. मला घरी सोडताना एवढंच म्हणाला की रातच्याला बॅटरी चार्जिंगला लावतो, सकाळी परत हितंच रिक्षा उभी करू.

आत्ताच घशात खवखवायला लागलंय.