ऱ्होड आयलंडची खुर्ची

२६ सप्टेंबर १९९८, शनिवार
शर्वाणी शाळेतून आली ती तोंड फुगवूनच. शाळा अमेरिकन, म्हणून दहावीला अमेरिकेचा इतिहास. १७८७ साली फिलाडेल्फियाला जमून त्यांनी राज्यघटना लिहिली, ती सभा आता वर्गात भरवणार. एकेका मुलीला एकेक राज्य. तिच्या मैत्रिणीला, रुकय्याला, व्हर्जिनिया. आमच्या बाईसाहेबांना ऱ्होड आयलंड — ज्यांनी सभेला माणूसच पाठवला नव्हता! “आई, दे डिडन्ट इव्हन कम. मी काय करू?”

आधी हसले. मग सांगलीचं कॉलेज डोळ्यांपुढे आलं. अण्णासाहेब सरांनी अशीच सभा भरवली होती. मी डेलावेअर. आईची साडी, निऱ्या एका हातात धरलेल्या, आणि भांडत होते — लहान राज्यालाही मोठ्याइतकंच मत हवं म्हणून. सर मागच्या बाकावर बसून ऐकत होते. पुढं त्याच वर्गावर मी चार वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. इथं आखातात, रास अल खैमात आल्यापासून खडू हातात धरलेला नाही.

२८ सप्टेंबर
सर शारजाला आहेत! त्यांच्या पत्नी वारल्यावर मुलानं, प्रसन्ननं, इकडे आणलंय. फोन केला. प्रसन्न म्हणाला, ये, पण बाबा हल्ली फारसं बोलत नाहीत.

२ ऑक्टोबर, शुक्रवार
शर्वाणीच्या बाबांनी, नागेशनं, गाडी काढली. वाटेत शर्वाणी कानात वायरी घालून.

सर खिडकीशी बसलेले. किती वाळलेत. माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “डेलावेअर.”

शर्वाणीनं वही काढली आणि सर सुरू झाले. स्वातंत्र्य मिळालं, पण तेरा राज्यं नुसत्या सैलशा कराराने बांधलेली. त्यांच्या मध्यवर्ती सभेला, काँग्रेसला, कर लावायचा अधिकार नाही. जकात बसवायची तर तेराही जणांचा होकार लागायचा, आणि एकट्या ऱ्होड आयलंडनं नकार दिला की सगळं अडायचं. म्हणून बाकीचे जमले. ऐन उन्हाळा, आणि खिडक्या बंद — आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून. ऱ्होड आयलंडला भीती, की मोठी राज्यं आपल्याला गिळतील.

शर्वाणीनं विचारलं, म्हणजे ते व्हिलन का?

“नाही गं. ज्यांच्यावर राज्य करायचं, त्यांना विचारायचं — सगळं तिथून सुरू झालं. विचारलं की कुणीतरी नाही म्हणणारच. आणि गुलामांना, बायकांना विचारलंच नव्हतं, तेही लिही.”

प्रसन्न चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होता. चहा निवला.

५ ऑक्टोबर
शर्वाणी आरशासमोर बोलते आहे. मी स्वयंपाकघरातून ऐकते. दोनदा मध्ये बोलले, दोनदा रागावली.

१४ ऑक्टोबर
सभा झाली. शर्वाणी खुर्चीवर बसलीच नाही. खुर्ची रिकामी ठेवून दाराशी उभी राहिली. शेवटी रुकय्यानं रागानं विचारलं, बोलावलं तेव्हा का आला नाहीत? ही म्हणाली, आत आलो असतो तर आमचा नकार तुमच्या गर्दीत हरवला असता. अटी बघून येऊ. आणि ऱ्होड आयलंड आलंच की — सगळ्यांच्या शेवटी, स्वतःच्या सभेत दोन मतांच्या फरकानं. हे सांगताना तिचा चेहरा! कॉलेजातला माझा एखादा फोटो असता तर असाच दिसला असता.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार
सरांना सांगायला शारजाला गेलो. फार खूश झाले. जेवताना प्रसन्न म्हणाला, सांगलीचा ब्लॉक विकायला काढलाय, बाबा आता इथंच. शर्वाणी पटकन बोलून गेली, “डिड एनीवन आस्क आजोबा?”

मी तिला डोळ्यांनी दटावलं. प्रसन्नचा चेहरा उतरला. वाईट वाटलं — वडिलांना आंघोळ घालण्यापासून सगळं तोच करतो. तो हळूच म्हणाला, “तिकडे तुमचं कोण बघणार, बाबा?”

सरांनी ताट जरा मागे सारलं. मग म्हणाले, “कामाला बाई लावू. तुझ्यावर राग नाही, प्रसन्न. पण मला घरी जायचंय.”

परतताना नागेश म्हणाला, पोरीनं उगाच तोंड घातलं.

३० ऑक्टोबर
सर सांगलीला परत गेले. प्रसन्न पोचवायला गेलाय सोबत. एअरपोर्टवर शर्वाणीनं वाकून नमस्कार केला — न सांगता! सर मला म्हणाले, कॉलेजात राज्यशास्त्राला माणूस मिळत नाहीये. एवढंच म्हणून आत गेले.

घरी आल्यावर करमेना. फिलाडेल्फियाच्या उन्हाळ्याबद्दल शर्वाणीशीच बोलत बसले.

६ नोव्हेंबर
नागेशला मस्कतला बढती. मला न विचारताच ऑफिसात हो सांगून आलाय. मी म्हटलं, तू जा, मी जूनपासून सांगलीला शिकवणार आहे. त्याला वाटलं, मी चेष्टा करते आहे. शर्वाणीनं टीव्ही बंद केला.